भूक भागते कशी?

१९१२ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात वॉशबर्न नावाच्या विद्यार्थ्याने एक रबरी फुगा गिळायचा सराव केला. फुग्याला बारीक नळी होती आणि नळीचे दुसरे टोक रेषा उमटवणाऱ्या यंत्राला जोडलेले होते. उपाशी पोटी बसायचे आणि पोटात भुकेची कळ उठली की हाताजवळचे बटण दाबायचे, एवढेच त्याचे काम. त्याचे गुरू वॉल्टर कॅनन यांनी दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या. वॉशबर्नला भूक जाणवे, तेव्हा त्याचे जठर आकुंचन पावत असे. त्यामुळे भुकेचा उगम पोटातच आहे, असे पुढे बरीच वर्षे मानले गेले.

पण आजारामुळे ज्यांचे संपूर्ण जठर काढून टाकावे लागले, त्या रुग्णांनाही भूक लागत होती. म्हणजे जठर हा या कारभारातला फक्त एक भागीदार होता. बाकीचे सापडायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रिडमन यांच्या गटाने लेप्टिन शोधून काढले. हे संप्रेरक चरबीच्या पेशी तयार करतात आणि शरीरात साठा किती आहे हे मेंदूला कळवतात. १९९९ मध्ये कोजिमा आणि कांगावा या जपानी संशोधकांना जठरातून पाझरणारे घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरक सापडले. ते जेवणाआधी वाढते आणि जेवल्यावर उतरते. ज्याची जेवणाची वेळ एकची आहे त्याचे घ्रेलिन एकच्या सुमाराला चढू लागते, म्हणूनच घड्याळ न पाहताही आपल्याला ‘जेवायची वेळ झाली’ हे समजते. अन्न लहान आतड्यात उतरले की तिथून आणखी काही संप्रेरके सुटतात आणि ‘आता पुरे’ असा निरोप मेंदूपर्यंत पोहोचवतात. त्या निरोपाला पंधरा-वीस मिनिटे लागतात. पाच मिनिटांत ताट संपवणाऱ्या माणसाला तो नेहमीच उशिरा मिळतो.

ही यंत्रणा लाखो वर्षे दुष्काळाशी झुंजत घडली आहे. अन्न कमी पडू लागले की ती गप्प बसत नाही, उलट जास्त जोराने मागणी करते. वजन उतरवायला निघालेल्या माणसाने सगळ्यात आधी हे समजून घ्यावे, असे मला कळकळीने वाटते. भूक मारून वजन थोडे दिवस उतरते. टिकायचे असेल तर भूक भागलीच पाहिजे, आणि कमी कॅलरीत ती भागवता येते.

भूक मारल्यावर काय होते, त्याची सर्वांत सविस्तर नोंद मिनेसोटा विद्यापीठात झाली. दुसरे महायुद्ध संपत आले होते आणि उपासमारीतून वाचलेल्या युरोपातल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणायचे, हे जाणून घेणे निकडीचे होते. १९४४ च्या नोव्हेंबरपासून ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग सुरू केला. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला साधारण १५७० कॅलरी मिळत होत्या आणि भरपूर चालायचेही होते. या काळात त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. ते चिडचिडे झाले, उदास झाले, त्यांना सतत थंडी वाजू लागली. पूर्वी स्वयंपाकघरात न डोकावलेली मुले पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागली. ताटे चाटून पुसून स्वच्छ होऊ लागली. निर्बंध उठल्यावर कित्येकांचे पोट तुडुंब भरे, तरी भूक जात नसे. ही मुले मुळातच सडपातळ होती, हे लक्षात ठेवायला हवे. पण १५७० हा आकडाही लक्षात ठेवावा. आज बाराशे कॅलरीचे तक्ते मोबाइलवरून हातोहात फिरतात आणि गृहिणींपासून कॉलेजच्या मुलींपर्यंत अनेकजणी ते कोणालाही न विचारता पाळू लागतात. चौथ्या आठवड्यात त्या तक्ता सोडतात आणि दोष आपल्या इच्छाशक्तीला देतात. इच्छाशक्तीचा इथे फारसा संबंध नाही. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ५० जणांना दहा आठवड्यांचा कडक आहार दिला आणि त्यांतले जे शेवटपर्यंत टिकले त्यांची वर्षभराने पुन्हा तपासणी केली. त्यांची भूक वाढवणारी संप्रेरके वर्षानंतरही चढलेलीच होती.

मग कमी कॅलरीत भूक भागवायची कशी? याचे पहिले सोपे उत्तर सिडनी विद्यापीठातून मिळाले. १९९५ मध्ये सुझान होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ घेतले, प्रत्येकाचा २४० कॅलरीइतकाच वाटा खायला दिला आणि पुढचे दोन तास पोट किती भरलेले वाटते याची नोंद ठेवली. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले. क्रॉसाँ नावाच्या लोणीदार पावाला ४७ गुण मिळाले. सर्वांत वर कोण आले असेल? उकडलेला बटाटा, ३२३ गुणांसह. ज्या बटाट्याला वजनाच्या नावाने आपण बोल लावतो, तो नुसता उकडून खाल्ला तर पोट भरण्यात सगळ्यांच्या पुढे आहे. त्याच बटाट्याचे वेफर्स झाले की पाणी उडून जाते आणि त्याची जागा तेल घेते. पदार्थात पाणी, तंतू आणि प्रथिने जितकी जास्त आणि तेल-साखर जितकी कमी, तितका तो पोटाला आधार देतो.

पाण्याबद्दल मात्र एक बारकावा आहे. जेवणाबरोबर ग्लासभर पाणी पिणे वेगळे आणि अन्नात पाणी शिजवणे वेगळे. पेनसिल्व्हेनियात बार्बरा रोल्स यांनी एकच पदार्थ, भात आणि कोंबडी घातलेला, तीन प्रकारे दिला: नुसता, सोबत पाण्याचा ग्लास देऊन, आणि तेवढेच पाणी घालून सूप करून. कॅलरी तिन्हीकडे सारख्या होत्या. सूप प्यायलेल्यांनी नंतरच्या जेवणात ठळकपणे कमी खाल्ले. पाण्याच्या ग्लासाने तसा फरक पडला नाही. आपल्या आमट्या, टोमॅटोचे सार, मुगाचे कढण, पातळ पिठले यांची महती इथे कळते. वाटीभर आमटी आधी आणि मग पोळी-भाजी, असे जेवून पाहा.

पण पातळ म्हणजे सगळेच चांगले, असे समजू नये. अमेरिकेतील परड्यू विद्यापीठात पंधरा जणांना चार आठवडे रोज ४५० कॅलरींच्या जेली बीन्ससारख्या घट्ट मिठाया आणि आणखी चार आठवडे तेवढ्याच कॅलरींचे सोड्याचे गोड पेय दिले गेले. मिठाई खाल्ली तेव्हा लोकांनी नकळत इतर जेवण कमी केले. पेयाच्या आठवड्यांत मात्र जेवण तसेच राहिले आणि पेय वरून जमा झाले. गोड पेयाची नोंद शरीर ठेवतच नाही, असे म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे हा हिशेब चहात दडलेला असतो. कपाला दोन चमचे साखर आणि दिवसाला पाच कप म्हणजे ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी, आणि त्याने एक घासही कमी होत नाही. फळाचेही तेच: आख्खे सफरचंद चावून खाल्ले तर पुढच्या जेवणात लोक कमी खातात, रस प्यायल्यावर तसे घडत नाही. मोसंबी-संत्री सोलून खावीत. रसाच्या गाडीवर थांबायची गरज नाही. ताक मात्र यातून वगळावे. बिनसाखरेचे पातळ ताक पोटाला शांत करते आणि त्यात कॅलरी अगदी कमी असतात.

या सगळ्याहून डोळे उघडणारा प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी वीस जणांना चार आठवडे संशोधन केंद्रातच ठेवले. दोन आठवडे कारखान्यात बनलेले पॅकेटबंद अन्न आणि दोन आठवडे घरच्यासारखे ताजे अन्न. दोन्ही ताटांत कॅलरी, साखर, चरबी, तंतू, मीठ सारखे मांडलेले होते आणि हवे तेवढे खायची मुभा होती. पॅकेटबंद अन्नावर माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत त्यांचे वजन साधारण ९०० ग्रॅमने वाढले, आणि ताज्या अन्नावर तेवढेच उतरले. कोणी कोणाला ‘कमी खा’ म्हटले नव्हते. पॅकेटबंद अन्न मऊ असते, भराभर गिळले जाते, आणि आतड्यांचा निरोप पोहोचेपर्यंत दुसरा वाटा संपलेला असतो.

आता हे सारे मराठी ताटाला लावून पाहू. आपल्या पारंपरिक ताटातली निम्मी कामे आधीच झालेली आहेत. ज्वारी-बाजरीची भाकरी चावावी लागते. मटकी, मूग, हरभरा, वाल, चवळी यांच्या उसळीत प्रथिने आणि तंतू एकत्र येतात. काकडीची, मुळ्याची, गाजराची कोशिंबीर आहे, पालेभाजी आहे, ताक आहे. बिघाड झाला तो प्रमाणात. ताटात भाकरी-पोळी-भात वाढत गेला आणि उसळीची वाटी लहान होत चालली. कोशिंबीर डावीकडे चिमूटभर, तोंडी लावण्यापुरती उरली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहारसूत्रे दिली, त्यांत दोन हजार कॅलरींच्या दिवसभराच्या आहारात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मासे-मटण ८५ ग्रॅम आणि भाज्या तब्बल ४०० ग्रॅम धरल्या आहेत. चारशे ग्रॅम भाजी एका माणसाला! बहुतेक घरांत चौघांच्या जेवणाला अर्धा किलो भाजी येते. आपण नेमके किती मागे आहोत, ते इथे दिसते.

त्यामुळे ‘भात बंद’ असे फर्मान काढण्यापेक्षा मी ताटाचा क्रम बदलायला सांगेन. आपल्याकडे आधी वरण-भात-तूप वाढायची पद्धत आहे. त्याऐवजी कोशिंबिरीची मोठी वाटी आणि उसळ आधी संपवावी, मग भाकरी-भाजी, आणि भात शेवटी, ताकाबरोबर. भाज्या आणि प्रथिने आधी खाऊन पिष्टमय अन्न नंतर खाल्ले की रक्तातली साखर कमी चढते, हे प्रयोगांनी दाखवले आहे. पोटातही तोवर बरीच जागा भरलेली असते. फोडणीचे तेल चमच्याने मोजून घालावे. एका मोठ्या चमच्याला साधारण १२० कॅलरी पडतात आणि कढईत ओतताना दोन चमचे कधी सांडतात ते कळत नाही.

उपवासाबद्दलही लिहिले पाहिजे, कारण महाराष्ट्रात सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी मिळून महिन्याचे किती दिवस जातात ते घरोघर ठाऊक आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तुपात परतून शेंगदाण्याचे कूट घातल्यावर त्याची बशी नेहमीच्या जेवणाइतकी जड होते, आणि दोन-तीन तासांत पुन्हा भूक लागते. वजनासाठी म्हणून उपवास करणाऱ्यांनी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, उकडलेले रताळे, काकडी, दही, ताक, राजगिरा असा उपवास करावा. धर्माचा नियम मोडत नाही आणि पोटही राहते.

प्रमाणाइतकेच वेळेलाही महत्त्व आहे. मुंबई-ठाणे-पुण्याचा नोकरदार माणूस दुपारी एकला डबा खातो आणि रात्री साडेनऊ-दहाला जेवतो. मधल्या आठ-नऊ तासांत चहा-बिस्किटे, नाहीतर स्टेशनबाहेरचा वडापाव. घरी पोहोचेपर्यंत खडखडून भूक लागलेली असते, स्वयंपाक गरम होईस्तोवर शेवेचा डबा उघडतो (शंभर ग्रॅम शेवेत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात), आणि जेवण त्यानंतर वेगळे होते. रात्री कमी खाण्याचा निश्चय अशा स्थितीत टिकणे अवघड आहे. उपाय संध्याकाळी पाचला आहे: मूठभर फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे, उकडलेल्या मटकीची लिंबू-कांदा घातलेली वाटी, एखादे अंडे, एखादा पेरू. पाचला खाल्लेले हे रात्रीच्या ताटातून आपोआप वजा होते. शिवाय शेवेचा डबा घरातच आणू नये किंवा माळ्यावर ठेवावा. समोर दिसणारा पदार्थ खाल्ला जातो, हे सगळ्यांनाच लागू आहे.

टीव्ही आणि मोबाइल समोर ठेवून जेवण्याची सवयही या प्रकरणात येते, आणि त्यामागे एक विलक्षण निरीक्षण आहे. १९९८ मध्ये पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी नवे काही लक्षात ठेवण्याची क्षमता हरवलेल्या दोन रुग्णांना दुपारचे जेवण दिले. दहा ते तीस मिनिटांनी पुन्हा ताट पुढे केले, तर त्यांनी दुसरे जेवणही जेवले, आणि तिसरेही सुरू केले. जेवलो होतो हेच त्यांना आठवत नव्हते. म्हणजे तृप्ती काही अंशी आठवणीतही असते. मालिकेत गुंतून घेतलेला घास आठवणीत नोंदला जात नाही आणि तासाभराने हात पुन्हा डब्याकडे जातो. घरातली जुनी माणसे जेवताना बोलू देत नसत. त्यांचे कारण वेगळे असेल, पण जेवताना लक्ष ताटात ठेवण्याची ती शिस्त उपयोगाची होती.

झोपेचे महत्त्व लोकांच्या सर्वांत कमी ध्यानात येते. शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले. दहा तास झोपण्याची मुभा असलेल्या रात्रींच्या तुलनेत त्यांचे लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरले, घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढले, आणि गोड-खारट-पिठाळ पदार्थांची ओढ वाढली. याच विद्यापीठातील २०२२ च्या अभ्यासाने उलटी बाजू तपासली. कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या ८० व्यक्तींपैकी निम्म्यांना झोप वाढवायला मदत केली. खाण्याबद्दल काहीही सांगितले नाही. ती माणसे उरलेल्यांच्या तुलनेत दिवसाला सरासरी २७० कॅलरी कमी खाऊ लागली. रात्री एकपर्यंत मोबाइल पाहून सकाळी सहाची लोकल गाठणाऱ्याला आहाराचा तक्ता देण्याआधी लवकर झोपवले पाहिजे.

हालचालीबद्दल मला कलकत्त्याजवळच्या एका तागाच्या गिरणीचे उदाहरण फार मोलाचे वाटते. १९५६ मध्ये जीन मेयर यांनी चेंगाइलच्या गिरणीतल्या २१३ कामगारांचा आहार आणि वजन तपासले. हलके, मध्यम आणि जड काम करणाऱ्यांत काम वाढले की खाणेही वाढत होते आणि वजने साधारण सारखी राहत होती. पण दिवसभर बसून असणारे मुकादम आणि दुकानदार जड काम करणाऱ्यांइतके किंवा त्याहून जास्त खात होते, आणि त्यांची वजनेही जास्त होती. शरीर फारच बसून राहिले की भुकेचा काटा बिघडतो. चालण्याने किती कॅलरी जळाल्या, हे घड्याळात पाहून निराश होणाऱ्यांनी हा दुसरा फायदा ध्यानात घ्यावा. तासातून एकदा उठणे, जिना चढणे, जेवणानंतर शतपावली, रोज अर्धा तास भरभर चालणे यांनी भूक ताळ्यावर येते. आणि हो, मिरवणुकीतला ढोल किंवा शेतातली खुरपणीही यात धरायला हरकत नाही.

वजनाचा काटा मराठी वाचकाला एका बाबतीत फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३. तरीही युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. आपली कुडी बारीक दिसूनही पोटाभोवती चरबी धरून ठेवते, स्नायू कमी असतात, आणि मधुमेह लवकर गाठतो. म्हणून भारतीयांसाठी निर्देशांक २३ च्या पुढे गेला की सावध व्हायला सांगतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांत ८० च्या आत हवा. शिंप्याची टेप घरात असतेच. महिन्यातून एकदा ती बेंबीच्या रेषेत धरून पाहावी. रोज काट्यावर उभे राहण्यापेक्षा त्यातून जास्त कळते.

‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या भूकनाशक गोळ्यांवर थोडे स्पष्ट लिहितो. त्यांतले सर्वांत खपणारे नाव गार्सिनिया. हे आपल्या कोकणातल्या रातांब्याचे, म्हणजे कोकमाचे, दक्षिणेकडचे भावंड. केरळात माशाच्या कालवणात त्याच्या फोडी घालतात. १९९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये १३५ जणांवर बारा आठवडे त्याच्या अर्काची चाचणी झाली. अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले आणि खोटी गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलो. शिवाय अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. बिनसाखरेची सोलकढी चवीसाठी आनंदाने प्यावी, गोळीला मात्र हात लावू नये. सफरचंदाच्या व्हिनेगरने वजन झपाट्याने उतरते असे सांगणारा लेबनॉनमधला अभ्यास २०२४ मध्ये जगभर गाजला, आणि त्यातल्या आकडेवारीवर आक्षेप आल्यावर नियतकालिकाने २०२५ मध्ये तो मागे घेतला. सकाळच्या मध-लिंबू-पाण्याने चरबी वितळत नाही. मोठा चमचाभर मध साठेक कॅलरी देतो. इसबगोल पोट साफ करायला चांगला आहे, वजनावर त्याचा परिणाम फार थोडा, आणि तो भरपूर पाण्याबरोबरच घ्यावा, नाहीतर घशात अडकतो.

आठवड्याला पाव ते अर्धा किलो याहून जास्त वेगाने वजन उतरवायच्या मागे लागू नये. एका वेळी एकच बदल करावा, तोही आधी संध्याकाळच्या पाचच्या खाण्याचा, कारण त्याने रात्रीचे जेवण सुधारते आणि रात्रीच्या जेवणाने झोप. इतके करूनही वजन हलत नसेल, किंवा ते कारण नसताना वाढत-घटत असेल, तर थायरॉइड आणि साखर तपासून घ्यावी. काहींच्या भुकेची यंत्रणा जन्मतःच जास्त जोरकस असते. त्यांना औषधांची गरज पडली तर त्यात कमीपणा नाही, पण आता भारतात मिळणारी वजनाची इंजेक्शने तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय कुणीही घेऊ नयेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि वाढत्या वयाच्या मुलांनी वजन उतरवण्याचा आहार स्वतःहून सुरू करू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर जेवणाची वेळ किंवा प्रमाण बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा, कारण औषध तेवढेच राहून जेवण कमी झाले तर साखर धोकादायकरीत्या उतरते.